पंखातली सातवी सुई

पूल उघडलेला होता. मधल्या चार होड्या बाजूला ओढल्या होत्या आणि त्या फटीतून बसऱ्याची एक आगबोट वर सरकत होती, घाई अशी कसलीच नाही. आमची अर्धी वाट चालून झाली होती, अर्धी नदीपलीकडे होती. उम्म गायबने डोक्यावरच्या अबायाचं टोक दातांत धरलं, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि म्हणाली, "ऐक. आवाज येतोय?"

"नाही."

"नीट ऐक."

मी नीट ऐकलं. आगबोटीची धडधड होती, हमालांची ओरड होती, पुराचं पाणी होड्यांवर आपटत होतं. पण आकाशातली ती शिवणयंत्रासारखी टरटर नव्हती. ती ऐकू येत नाही तोवर विमान जमिनीवर होतं, आणि विमान जमिनीवर तोवर शाकिर जिवंत होता.

पुरीमचा सण होऊन आठ दिवस झाले होते. शनिवारची सकाळ, म्हणजे आमचा शब्बाथ, शुक्रवार संध्याकाळपासून कामाला हात न लावण्याचा दिवस. आम्ही दोघी यहुदी बायका शब्बाथच्या कपड्यांत, रिकाम्या हातांनी बगदादच्या पुलावर अडकलेल्या. नऊ वाजता फौजेच्या मैदानावरून शाकिर नावाचा शिकाऊ वैमानिक परीक्षेसाठी एकटा वर जाणार होता आणि तीन कोलांट्या घेणार होता. त्याच्या विमानाच्या डाव्या खालच्या पंखात शेवटच्या तीन फासळ्यांवर कापड नुसतं पसरलेलं होतं, बांधलेलं नव्हतं. वरून रंग बसला होता, त्यामुळे दिसायला सगळं चांगलं. कोलांटीत वारा कापडाखाली शिरला की पंख फुगून फाटणार होता. हे आम्हा दोघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

आणि ते तसं राहिलं होतं माझ्यामुळे.

मी मूळची कुलाबा जिल्ह्यातल्या झिराडची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहुदी. आमचे हे विमानांचे फिटर. त्यांना इराकात नोकरी लागली तशी तीन मुलं घेऊन मीही आले, आणि तीन वर्षं त्यांच्याच विमानांच्या शेडमध्ये पंख शिवायला जात होते. उम्म गायब तिथली मुख्य शिवणारी.

ते विमान मुळात हौशी लोकांचं. विलायतेत सुट्टीच्या दिवशी बायकोला पुढच्या बैठकीत बसवून गावावरून एक चक्कर मारून आणायचं, एवढ्याचसाठी केलेलं. पुढे फौजांच्या लक्षात आलं की ह्याच्यावर पोरांना शिकवता येईल. मग त्याचे पंख बळकट केले, छत्री घेऊन उडी मारता यावी म्हणून दारं मोठी केली, मागच्या बैठकीवर काळं टोपण बसवलं. त्या टोपणाखाली बसून, बाहेर न बघता, नुसत्या काट्यांवरून उडवायला शिकायचं. पण हाडं लाकडाची आणि कातडी कापडाची, ती तशीच राहिली. उम्म गायब त्याला गाढवी म्हणायची. "फौजी खोगीर घातलं म्हणून गाढवी घोडी होत नाही," म्हणायची. "तिला गाढवीसारखंच जपावं लागतं."

पंख शिवायला दोघी लागत. ती वर वाकून उभी, मी पंखाखाली पाटावर बसलेली. मधे कापड, फासळ्या आणि पुन्हा कापड. ती वरून वीतभर लांब सुई खाली घाली, मी ती फासळीच्या दुसऱ्या अंगानं वर पाठवी. आम्ही एकमेकींना दिसत नसू. आधी सगळा दोरा सैल ओवून घ्यायचा, मग एकेक टाका आवळून गाठ मारायची, ही तिची रीत. गाठी सगळ्या वर, तिच्या बाजूला. प्रत्येक गाठीला ती काहीतरी पुटपुटायची. कापडातून मला नुसती गुणगुण ऐकू यायची. मला वाटायचं, गाठी मोजतेय.

आता सुट्टीचं सांगते, कारण सगळं तिथेच बिघडलं. फौजेची सुट्टी शुक्रवारी, आमची शनिवारी, आणि रंगारी ख्रिस्ती, त्याची रविवारी. एकाचं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं तर सांगायला समोर कुणी नसायचं. म्हणून उम्म गायबने एक खूण लावून दिली होती. काम अपुरं असेल तर लाल लोकर बांधलेली सुई पंखात तशीच उभी ठेवायची. सुई नसली तर रंगाऱ्यानं टाक्यांवर कापडी पट्टी चिकटवून रंग द्यायचा; सुई दिसली की त्यानं हात लावायचा नाही आणि वैमानिकानं ते विमान घ्यायचं नाही.

त्या शुक्रवारी शेड रिकामी होती. शाकिर तेवढा सुट्टी असून येऊन बसला होता. हिल्ला गावचा पोरगा, बाविशीचा, तोंडाला खीळ नाही.

"खाला," म्हणजे मावशी, तो उम्म गायबला म्हणाला, "उद्या ह्याच गाढवीवर माझी परीक्षा. टाके घट्ट घाल हं."

"टाके घट्टच असतात. तू आपली मान घट्ट ठेव."

"आणि संपलं नाही तर?"

"तर सुई दिसेल. सुई दिसली की दुसरं विमान माग. नाही दिसली तर खुशाल जा."

तीन फासळ्यांचे टाके ओवून झाले, गाठी राहिल्या, आणि दिवस कलला. शब्बाथच्या दिव्यांची वेळ, लॉरीवाला भोंगा वाजवतोय. तिनं शेवटची सुई लाल लोकरीसकट खाली माझ्याकडे ढकलली, "राहू दे" म्हणाली आणि हात धुवायला गेली. मला तिचं "राहू दे" भोंग्यात ऐकूच आलं नाही. माझ्या आजीचा नियम होता, शब्बाथच्या तोंडावर कापडात उभी सुई ठेवायची नाही, घरात कुणाच्या तरी उरात बोचते. झिराडला शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मुली घरभर सुया शोधत फिरायचो. माझा हात सवयीनं गेला. दोरा कापला, सुई काढली, लोकर सोडली, सात सुया मोजून डब्यात ठेवल्या आणि देवाचं नाव घेतलं.

शनिवारी सिनेगॉगमधून येऊन आम्ही तिच्या अंगणात बसलो होतो. आमचे हे बिघडलेलं विमान आणायला मोसुलला गेले होते, म्हणून मुलांना घेऊन मी तिच्याकडेच राहिले होते. रात्रभर निखाऱ्यांवर राहिलेल्या कोंबडी-भाताच्या पातेल्यावरची अंडी ती सोलत होती. मी बोलता बोलता म्हणाले, "काल घाई झाली, पण सुया मोजल्या हो मी. सातच्या सात."

तिचा हात थांबला. "सहा."

"सात. मी स्वतः ठेवल्या."

"सातवी पंखात होती."

"ती मी काढली ना. दोरा कापला आणि..." 

तिनं मला बोल लावला नाही. अंडं ताटलीत ठेवलं, अबाया घेतली आणि शेजारणीला हाक मारून मुलं तिच्या स्वाधीन केली. घोडागाडी का केली नाही, असं कुणी विचारेल. जीव वाचवायचा असेल तर शब्बाथला गाडीतच काय, उंटावरही बसावं; आमच्या धर्मात त्याला मनाई नाही, न बसणं हेच पाप. पण पलीकडच्या बांधापुढे रस्ता चिखलात गेला होता आणि आठ दिवस कुणी गाडीवाला तिकडे घोडं घालत नव्हता. फौजेची लॉरी पहाटेच गेलेली. दुसऱ्या कुणाला धाडावं, तर "पंखात गाठी नाहीत" हे फाटकावर कोण ऐकून घेणार?

तर आम्ही पुलावर अडकलो होतो.

"ही बोट जाईपर्यंत दुपारची नमाज होईल," उम्म गायब म्हणाली आणि काठाकडे परत वळली. खाली डांबर फासलेली, टोपलीसारखी गोल होडी उभी होती. होडीवाला खजूर खात बसला होता.

"भाऊ, पलीकडे सोड."

त्यानं आम्हाला खालीवर पाहिलं. "यहुदी ना तुम्ही? शनिवारी होडीत? आज नदी उलटी वाहायची!"

"वाहू दे, तेवढंच तुझं वल्हवणं वाचेल. सोडतोस का?"

"पैसे?"

"शनिवारी आमच्याजवळ पैसे नसतात, हे तुला ठाऊक आहे. एका पोराचा जीव अडकलाय."

"कुणाचा पोरगा?"

 "कुणाचा तरी असेलच ना?"

त्यानं बी थुंकली. "बसा."

पुराच्या पाण्यात ती होडी भोवऱ्यासारखी फिरत गेली. मी डोळे मिटून एलियाहू हन्नाबीचा, आमच्या प्रेषिताचा, धावा करत होते. उम्म गायब कान देऊन बसली होती.

पलीकडे उतरलो आणि चिखल सुरू झाला. पायातले जोडे दर दहा पावलांनी चिखलातच राहत. शेवटी तिनं ते हातात घेतले, मग काहीतरी आठवून फेकून दिले. शब्बाथला ओझं वाहायचं नाही. मी म्हटलं, "अगं, आज एवढं चालतंय!"

"जिवासाठी लागेल तेवढंच मोडायचं. जोड्यांनी कुणाचा जीव वाचत नाही."

ती अशी होती. तिचं खरं नाव तुफ्फाहा, पण ते वापरणारं कुणी उरलं नव्हतं. बगदादमध्ये बाईला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात. मी तिथे उम्म दाविद होते. जिला मूल नाही तिला उम्म गायब म्हणतात, म्हणजे अजून न आलेल्याची आई. वाईट हेतूनं नाही, आशेनं म्हणतात. तिच्या बाबतीत मात्र दुसराही गायब होता. चौदाव्या वर्षी तिचं लग्न शाऊल नावाच्या कापडवाल्याशी झालं, आणि लढाई लागली तेव्हा तुर्कांनी त्याला पकडून फौजेत नेलं. तो परत आला नाही. मेलेला पाहणारा साक्षीदारही आला नाही. साक्षीदार नाही म्हणून रब्बी तिला विधवा ठरवू शकले नाहीत, आणि विधवा नाही म्हणून दुसरं लग्न नाही. वीस वर्षं ती अशी मधेच उभी होती.

तिचा बाप रजया भरणारा. लांब सुई दोन्ही अंगांनी चालवायला ती त्याच्याकडेच शिकली. पेट्यांतून ती विमानं आली तेव्हा आमच्या उस्ता हागोपला, म्हणजे शेडच्या मुख्य कारागिराला, असाच हात हवा होता. शहरातल्या बायका हसल्या. "तुफ्फाहा गाढवांना आकाशात रजया पांघरते," म्हणायच्या. ती म्हणायची, "तुमच्या रजईखालचा घोरतो. माझ्या रजईवरचा उडतो."

मी नवी आले तेव्हा सिनेगॉगमध्ये बायकांच्या सज्जात कुणी माझ्याजवळ बसेना. आम्ही हिंदुस्थानातले, आमचं यहुदीपण त्यांना कच्चं वाटायचं. ती सरळ येऊन माझ्याजवळ बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "हिच्या हाताला कंप नाही. माझ्या खाली हीच बसेल."

तोच हात मला त्या चिखलात नकोसा झाला होता.

"उम्म गायब," मी म्हटलं, "माझं चुकलं. मला..."

"श्वास जपून ठेव."

बांधावर चढलो आणि आवाज आला. आकाशातून नाही, जमिनीवरून. इंजिन दोनदा फुर्र झालं, थांबलं, मग धरलं.

"तापवायला पाच मिनिटं देतात," ती म्हणाली आणि धावायला लागली. चाळिशी उलटलेली बाई, अनवाणी. मी मागे. आवाज चढत होता. मी धावता धावता मोजत होते आणि मोजणं चुकत होतं.

फाटकावरचा शिपाई आम्हाला ओळखत होता. त्याला हसू आलं. "काय गं उम्म गायब, आज शनिवार! वार विसरलीस की धर्म?"

"धर्मच घेऊन आलेय. उघड!"

"परीक्षा चालू आहे, आत कुणाला..."

ती त्याच्या बंदुकीखालून वाकून गेलीसुद्धा. तो माझ्याकडे पाहत राहिला, तेवढ्यात मीही गेले.

विमान मैदानाच्या कडेला उभं होतं. पंखा फिरत होता. दोघे जण चाकांपुढचे ठोकळे काढायला वाकले होते आणि मागच्या बैठकीत शाकिरचं चामड्याच्या टोपीतलं डोकं दिसत होतं. उम्म गायब मागच्या अंगानं गेली आणि डावीकडच्या वरच्या-खालच्या पंखांना जोडणारा टोकाचा खांब दोन्ही हातांनी मिठीत धरला. अबाया वाऱ्यानं उडाली, केस सुटले. सगळे एकदम ओरडायला लागले. इंजिनाच्या आवाजात कुणाचं काहीच ऐकू येत नव्हतं. ठोकळे निघाले होते. विमान पुढे हललं आणि तिला चार पावलं फरफटत घेऊन गेलं. तिनं सोडलं नाही. शाकिरनं वळून पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

एवढी शांतता मी त्या मैदानावर कधी ऐकली नव्हती.

उस्ता हागोप धावत आला. "वेड लागलं का? पातं लागून दोन तुकडे झाले असते!"

"गाठी नाहीत," ती म्हणाली. तिला दम पुरत नव्हता. "शेवटच्या तीन."

त्यानं पंखावर हात फिरवला. रंग कोरडा, कापड ताणलेलं. "सगळं ठीक आहे."

"खाला, सुई नव्हती," शाकिर खाली उतरून म्हणाला. "मी स्वतः पाहिलं. तू म्हणालीस, नसली तर खुशाल जा."

 तिनं फासळीवरच्या पट्टीचं टोक नखानं उचकटलं आणि जोर लावून ओढलं. पट्टी फाटत आली, तिच्याबरोबर दोरा आला. उसवलेल्या गोधडीतून यावा तसा, कुठे न अडकता, हातभर, दोन हात. एकही गाठ नव्हती. कापड फासळीवरून उचललं गेलं आणि साध्या वाऱ्यानं फुगायला लागलं.

शाकिर त्या फुगलेल्या कापडाकडे बघत राहिला. मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि जमिनीवरच बसला.

उस्ता आधी सावरला. "बरं. आता शिव. दुपारपर्यंत होईल, परीक्षा घेणारे साहेब थांबतील."

"उद्या," ती म्हणाली.

"आत्ता फाडलंस की! शनिवारीच फाडलंस!"

"जीव वाचवायला फाडलं. विमान उडवायला शिवणार नाही. पोरगा आता जमिनीवर आहे."

त्याचा चेहरा लाल झाला. ती त्याला सगळ्यांसमोर बोलली होती. "सुई कुणी काढली?" त्यानं विचारलं. "खूण तुझी, नियम तुझा. सुई कुणी काढली?"

मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"पंख माझा आहे. सुई माझी. विसरले."

"मग उद्या येऊ नकोस," उस्ता म्हणाला. "विसरणाऱ्याच्या हातात मी पंख देत नाही."

ह्यात त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्याला जे सांगितलं त्यावर त्यानं तेच करायला हवं होतं. मी उभी होते आणि माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही, एवढंच लिहिते.

शाकिर फाटकापर्यंत आमच्याबरोबर आला. थट्टा करायचं त्याला सुचेना. शेवटी त्यानं आपले बूट काढून तिच्यापुढे ठेवले. ती म्हणाली, "अरे, ह्यात माझे दोन्ही पाय एकातच मावतील. घाल ते, आणि आईला पत्र लिही."

परतीची वाट तीच होती, पण लांबली होती. आम्ही बांध उतरलो. मग मी म्हटलं, "उद्या मी उस्ताला खरं सांगते."

"काय सांगशील? तुझा नवरा त्याच शेडमध्ये. दोघांनाही जहाजात बसवून देतील, तीन पोरांसकट. माझं काय? बापाचं घर आहे, रजया आहेत."

"पण चूक माझी."

"चूक दोघींची. तीन वर्षं तू माझ्या खाली बसलीस, मी कधी विचारलं नाही की तुमच्याकडे शुक्रवारी काय काय करतात." थोडं चालून ती म्हणाली, "तुमच्या कोकणात पोथ्या नव्हत्या, म्हणून नियम जास्त."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. तिनं मला रडू दिलं.

आता पूल जोडलेला होता. माणसं ये-जा करत होती. मधोमध आल्यावर ती थांबली, सकाळी जिथे कठडा धरला होता तिथेच.

"तू खालून ऐकायचीस," ती म्हणाली. "मी काय पुटपुटते ते."

"गाठी मोजायचीस ना?"

"मोजायला काय, गाठी दिसतात. मी 'परत ये' म्हणायचे. शाऊलला नेलं त्या दिवशी मी उंबऱ्यात उभी होते. सासू म्हणाली, जाणाऱ्याला मागून हाक मारू नये. मी मारली नाही. त्या शेडमध्ये मला कुणी अडवणारं नव्हतं."

खालून पाणी जात होतं. तिनं माझा हात धरला, सुई धरायचा तोच हात.

"उद्यापासून वर तू उभी राहशील. गाठ नीट मारशील, ते मला माहीत आहे. पण मुक्यानं मारू नकोस. बाकीच्यांचं राहू दे, शाकिरच्या त्या तीन फासळ्यांना तरी. हळू म्हण, तुमच्या भाषेत म्हण. म्हणशील ना?"